पावसात मांडलेला पट

बा, आज सकाळी मी काकाच्या घरून निघालो तेव्हा हातात नारळ होता आणि वहाणा उंबऱ्याशीच ठेवल्या होत्या. वाघोबाकडे अनवाणी जायचं हे तू लावलेलं वळण अजून सुटलेलं नाही. तुझा धाकटा भाऊ चुलीपाशी बसून फुंकत होता. लाकडं ओली होती, घरभर धूर होता, तरी त्याला नारळ दिसला.

"आज कसला रं नारळ? वाघबारशीला लय अवकाश हाय."

"पट मांडतोय, काका."

"पावसात?"

"पावसात."

त्याने फुंकणी खाली ठेवली. "तुझा बाप असता त..."

"असता त त्याच्यासमोर मांडला असता."

"मांड, मांड," तो म्हणाला. "आन् येवढं सांगून जा, माझ्या बकऱ्यांची दावी आताच सोडून ठेवू का? वाघाला उगा तरास नको."

काकू हसली. मीही हसलो, पण पुढची सगळी वाट मनातल्या मनात त्याच्याशी भांडत गेलो. खरं तर तुझ्याशी. वाघोबाच्या दगडापुढे नारळ वाढवला, शेंदूर लावला, हात जोडले, आणि खाली येऊन वहाणा घातल्या नि मोखाड्याकडून येणारी जीप धरली. आता जव्हारला सायबरमध्ये बसलोय. इथली लाइट गेली आहे. सायबरवाला म्हणतो, येईल तेव्हा येईल. त्याने वाया गेलेल्या प्रिंटांचे कोरे मागचे कागद दिलेत, त्यांवर हे लिहितोय. मी आश्रमशाळेत लिपिक झालो हे तू पाहिलंस, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुला वाचता येत नव्हतं आणि आपल्यात बोलणंही मोजकंच होतं.

वाघ-बकरी तूच मला शिकवलीस. पाड्याच्या वरच्या अंगाला जो सपाट कातळ आहे, त्यावरचा पट कोणी कोरला हे तुलाही ठाऊक नव्हतं. वाघ म्हणून हिरडे, बकऱ्या म्हणून चिंचोके. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. तू नेहमी बकऱ्या घ्यायचास. ज्याच्या घरी बकऱ्या आहेत त्याने वाघाच्या बाजूने खेळू नये, असं तुझं म्हणणं. आणि पाड्याचा रिवाज असा की पट वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, उघडायचा आणि पेरणीला मिटायचा. पेरणीच्या दिवशी तू कातळावरच्या रेघांमध्ये चिखल भरायचास, हाताने सारखा करायचास, आणि वाघबारशीला मीच घागरभर पाण्याने तो धुऊन काढायचो. पावसात पट मांडला की वाघाला आवतण जातं, असं सगळे म्हणत. पाणी ओतलं की दगडातून रेघा वर येतात, ते मला अजून दिसतं. एखादं झोपलेलं माणूस डोळे उघडतं तसं.

तो श्रावणही मला दिसतो. मी नि काकाचा मुलगा गुरं घेऊन कातळावर गेलोय. भात लावून झालंय, नाचणी लावून झालीये, पाऊस जरा थांबलाय. आम्ही काडीने रेघांतला चिखल उकरतो नि खेळायला बसतो. मी वाघ घेतलेत, तो बकऱ्या. खेळ रंगात आलाय आणि तुझी सावली पटावर पडते. तू मारलं नाहीस. ओरडलाही नाहीस. चिंचोके गोळा केलेस, ओढ्यात टाकलेस, आणि ओल्या चिखलाने रेघा पुन्हा भरल्यास. आम्ही बघत उभे. मग चारच दिवसांत बिबट्या आला नि आईची बांडी शेळी गोठ्यातून घेऊन गेला. सकाळी सगळा पाडा अंगणात जमला. तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "यानं बोलावला."

तेवढंच. दुसरं वाक्य नाही. पण त्या दिवसापासून माझं नाव 'वाघवाला' पडलं. नदीवर बाया म्हणायच्या, वाघवाला आला, बकऱ्या आत घ्या गं. शाळेत मास्तर हजेरी घेताना पोरं मागून गुरगुरायची. लग्नात माझ्या सासरच्यांना कोणीतरी तेच सांगितलं. तू गेलास तेव्हा तुला पोचवून परत येताना एक म्हातारा दुसऱ्याला ओळख सांगत होता, हा त्याचा थोरला, वाघ बोलावलेला.

बा, मी तो बोलावला नव्हता. हे मी तुझ्या हयातीत एकदाही म्हणालो नाही, म्हणून आज लिहितो. गोठ्याचा मागचा कूड आषाढापासून मोडलेला होता. भिंतीतल्या कारवीच्या काड्या कुजल्या होत्या. आईने तुला दोनदा सांगितलं, एकदा माझ्यादेखत, आणि तू म्हणालास लावणी उरकू दे. बिबट्या तिथूनच आत शिरला. त्याला पट माहीत नव्हता, भूक माहीत होती. वाघोबा देव आहे, मी त्याला मानतो, तुझ्याइतकंच मानतो. पण पोरांनी चिंचोके मांडले म्हणून एखाद्या बाईला विधवेसारखं रडायला लावील असा तो देव नाही. तसं मानणं हा मला त्याचा अपमान वाटतो. तुला कुडाबद्दल कोणी काही विचारलं नाही. तू मला पुढे केलंस, आणि आई शेळीसाठी रडत असताना माझ्याकडे बघत नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

आता पुढचं ऐक. तू गेल्यावर पाड्यात माणसंच राहिनाशी झाली. तुझ्या वेळी भात झोडून झालं की लोक घरी असायचे, कातळावर बसायचे. आता दिवाळी झाली की वीटभट्टीच्या गाड्या येतात. बाया, बापये, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं गाडीत. भिवंडी, वसई, कुठं कुठं. येतात ते पेरणीच्या तोंडावर. वाघबारशीला काका पट धुतो, पण चार दिवसांनी त्याच्या समोर बसायला कोणी नसतं. खेळायची मुभा मिळते तेव्हा माणूस नाही, माणूस असतं तेव्हा मुभा नाही. एका वर्षी मी वाघबारशीनंतर गेलो तर धुतलेल्या पटावर काका एकटाच बसला होता. दोन्ही बाजूंनी खेळत होता. मी विचारलं कोण जिंकतंय, तर म्हणाला, "कोन बी जिंकू दे, चिंचोके मलाच येचायचे हायत."

तुझी नात नाशिकला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मग पट ऑनलाइन मांडू. लीग घेऊ." मला यातलं काही कळलं नाही. तुला कसं सांगू? सगळ्यांच्या अंगणात एकाच वेळी असलेला कातळ समज. नाशिकच्या माणसाने चिंचोका ठेवला की ठाण्याच्या माणसाला तो दिसतो. भांडवल आमच्याकडे नव्हतंच. परदेशातली कुठली कंपनी इंटरनेटवर जागा फुकट देत होती, बदल्यात वर त्यांच्या जाहिराती लुकलुकायच्या. नातीने सुट्टीत बसून पट काढला, प्रत्येक घराला आकडा दिला. मराठीत लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. सायबरवाल्याशी मी असा करार केला: त्याच्याकडे दाखल्यांचे, नोकरीचे अर्ज लिहायला येणाऱ्यांचे अर्ज मी लिहून देतो, त्याने मला बसू द्यायचं.

"भाऊसाहेब," तो म्हणायचा, "लोक इथं रेसच्या गाड्या उडवतात, माणसं मारतात. तुमच्या गेममध्ये तर दिवसाला एक चिंचोका हलतो!"

"आमच्याकडं वाघ दबा धरतो," मी म्हणायचो. "घाई करणारा उपाशी राहतो."

तो हसायचा, पण पहिली लीग सुरू झाली तेव्हा तोच सकाळी शटर उघडल्यावर आधी पट बघायचा नि मला शाळेत फोन करायचा: "भाऊसाहेब, पोलिसाने बकरी खाल्ली!" खेळायला आपल्या भागातला ठाणे शहरात पोलीस झालेला एक, नाशिकच्या दवाखान्यातली सूर्यमाळकडची नर्स, कॉलेजात शिकणारे काही. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा वाघ, एकदा बकऱ्या. लीग वाघबारशीला उघडली आणि पेरणीला बंद केली. मीच केली. कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर "पट मिटला आहे" असं लिहिलं आणि मला वाटलं आपण चिखल भरला. तुझाच मुलगा, शेवटी.

मग एका बाजारच्या दिवशी चुलतभाऊ जव्हारला आला. तोच, त्या श्रावणातला. भट्टीवरून नुकताच परतला होता, नखांत अजून लाल माती. सायबरच्या दारात उभा राहिला, पाय चिखलाचे म्हणून आत येईना.

"या की," सायबरवाला म्हणाला. "कॉम्प्युटर चावत नाही."

"तो नाय चावत, त्यातला वाघ चावला त?"

मी त्याला पट दाखवला. त्याने बोटाने काचेवर रेघा चाचपल्या. मग म्हणाला, "मी कवा खेळू?"

"वाघबारशीनंतर."

"तवा मी भट्टीवर. तिथं कुठला कॉम्प्युटर? शिकलेल्यांनी खेळायचं नि आमी पाऊस संपायची वाट बघायची. पाऊस संपला का गाडी दारात." तो रागावला नव्हता. हसतच म्हणाला, "दादा, आपला त्या दिवशीचा डाव अर्धाच राहिलाय, ध्यानात हाय का? तुझा एक वाघ कोंडत आनला होता मी."

माझ्या ध्यानात होतं. मी ते कधी विसरलो नाही, आणि तोही विसरला नव्हता. पण 'वाघवाला' एकटा मीच झालो. त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही, म्हणून त्याला तो अर्धा डाव आठवत होता आणि मला तुझं बोट.

तेव्हाच ठरवलं. पावसात पट उघडायचा. भट्टीवाले पावसात घरी असतात. आठवड्याला एक चाल. पाड्यातल्याने चुलीसमोर कोळशाने पट काढावा, आठवडाभर विचार करावा, बाजाराला येताना चाल तोंडी घेऊन यावी. मी ती इथे टाकीन. समोरचा नाशिकचा असो की ठाण्याचा, तोही आठवडा थांबेल. नात म्हणाली, "पप्पा, एवढी हळू लीग जगात कुठे नसेल." मी म्हटलं, नसू दे.

पण ठरवणं नि करणं यांत आषाढ गेला. दर बाजाराला मी पडद्यावरचं "पट मिटला आहे" पुसायला बसायचो आणि तुझी सावली पडायची. चुलतभाऊ दारातून विचारायचा, "उघडला का?" मी म्हणायचो, लाइट नाही. लाइट असायची. त्यालाही दिसायची. एकदा तो म्हणाला, "लाइट नाय का धीर नाय?" आणि मिरच्या घेऊन निघून गेला. पुढच्या दोन बाजारांना तो आलाच नाही. म्हणून काल पाड्यावर गेलो. त्याने माझ्यासमोर जमिनीवर पट काढला आणि एक चिंचोका ठेवला. म्हणाला, "ही माझी पयली चाल. न्यायची त ने."

लाइट आली.

कागद बाजूला ठेवला होता, आता पुन्हा घेतलाय. पडद्यावरचं "पट मिटला आहे" पुसलं. पट उघडला. चुलतभावाची चाल मी स्वतः टाकली: पहिली बकरी, मधल्या घरात. समोर नाशिकची नर्स आहे, वाघ तिचे. बटण दाबलं तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. सायबरवाला मागून वाकून बघत म्हणाला, "घ्या, बोलावला वाघ भाऊसाहेबांनी!" मी म्हणालो, "हो, बोलावला." आणि बा, पहिल्यांदाच ते नाव मला जड वाटलं नाही. कोणाची शेळी गेली तर त्यांनी कूड बघावा, माझ्याकडे येऊ नये.

हे कागद धाडायला पत्ता नाही आणि असता तरी धाडले नसते. तुझी परवानगी मी मागितलेली नाही, मागणारही नाही. फक्त एक गोष्ट राहिली. वाघोबापुढे गेलं की नारळ वाढवण्याआधी कोणी पाठवलं ते सांगायचं असतं. लहानपणी तू मला एकट्याला धाडायचास आणि बजावायचास, तिथं म्हण, बापानं पाठवलंय. आज सकाळी त्या दगडापुढे उभा राहिलो तेव्हा म्हणायचं होतं, मी माझाच आलोय. पन्नाशीला आलो तरी स्वतःच्या नावाने मी तिथे कधी गेलो नव्हतो. पाऊस डोक्यावरून गळत होता. शेवटी म्हणालो, बापानं पाठवलंय.