वगळलेली उत्तरे

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कागद संस्थेचा, सही संचालकांची आणि आरंभी 'महोदय'. लग्नाच्या दिवसापासून तू मला भाऊजी म्हणत आलास. त्यामुळे 'महोदय' वाचून मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासला. पत्ता बरोबर होता. संचालकांना उत्तर कसे लिहावे, हे मला नेमके ठाऊक आहे. कायद्यांचे मसुदे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. परंतु या घरात संचालक कधी आले नाहीत. आला तो बारक्या, ताईचा धाकटा भाऊ. म्हणून उत्तर त्यालाच लिहितो आहे.

माझी प्रकृती बरी आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो. पण तो माझ्याच वळणाचा आहे, कुरकुरत का होईना, काम नियमाने करतो. लेकीचा फोन येतो आणि मी जेवलो का, हे ती विचारते. मी जेवतो. मीठ कोणत्या डब्यात आणि साखर कोणत्या, हे आता समजले आहे. मधला काही काळ चहाला सोसावे लागले. ताईची खोली मी आवरलेली नाही. तिच्या टेबलावर तुझ्या संस्थेचे जे कागद आहेत, तेही जिथल्या तिथे आहेत.

आता मुद्दा. खाडीकाठच्या पाणथळीचे मूल्यमापन करणारा ताईचा अखेरचा अहवाल संस्था तिच्या नावाने, तिच्या स्मृतीस अर्पण करून प्रसिद्ध करू इच्छिते. त्यातील सहावे प्रकरण तेवढे 'पद्धतीच्या कारणास्तव' वगळायचे आहे. वारस म्हणून मी संमतीपत्रावर सही करावी, असे तू सुचवतोस. संस्थेच्या ग्रंथालयास तिचे नाव देण्याचे घाटत आहे, हेही तू जाता जाता कळवले आहेस.

माझी संमती नाही.

खरे म्हणजे पत्र इथेच संपवता आले असते. पण ताई म्हणायची, "तुमच्या हातात प्रेमपत्र दिलं तरी त्यात पोटकलमं घालाल तुम्ही." तेव्हा आता पोटकलमे वाच.

तू ताईच्या पाठोपाठ अर्थशास्त्राच्या या व्यवसायात आलास. तिची सुरुवात तू पाहिलेली नाहीस. तिच्या बरोबरीचे सगळे बँकांत गेले. ही परदेशी मदतीवर चालणाऱ्या विकास-प्रकल्पांचे नफातोटे मांडायला बसली, तेही टंकलेखिकेच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर. धरण झाले की वीज किती, रस्ता झाला की माल किती, या सगळ्याला रकाने होते. बुडणाऱ्या जंगलाला रकाना नव्हता. धुराला नव्हता. गढूळ होणाऱ्या पाण्याला नव्हता. तिने वरिष्ठांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ते शेवटी टिपेत लिहा." तिने टीप लिहिली नाही. रकाना आखला. त्यावरून झालेली बोलाचाली तिने घरी येऊन मला दोन्ही आवाजांत करून दाखवली होती.

"अर्थमंत्र्यांना झाड दिसत नाही, आकडा दिसतो," ती म्हणायची. "ठीक आहे. मी झाडाचा आकडा करते. मग बघू, कसे बघत नाहीत ते!" ही जिद्द घेऊन ती एकाच बॅगेनिशी देशोदेशी हिंडली. परत आली की तिचे बूट मी गॅलरीत बसून पुसत असे. मातीच्या रंगावरून देश ओळखण्याइतका मी तयार झालो होतो. एका ठिकाणी कागदाच्या कारखान्यासाठी डोंगरावरचे जंगल जायचे होते. ते गेले तर खालच्या शहराला पाणी गाळून पिण्यापायी काय सोसावे लागेल, हे तिने मांडले आणि जंगल राहिले. त्या दिवशी ती चपलांसकट घरात शिरली. तिने असे केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पुढे मात्र तिच्या मनात शंका शिरली. ज्याला किंमत लावली ते तराजूत बसते, आणि तराजूत बसवलेले कधीतरी हलके ठरवता येते. हे तिने तुलाही सांगितले होते. तू म्हणालास, "ताई थकली." ताई थकली नव्हती. ती पुढे गेली होती आणि तू बढतीवर होतास.

पाणथळीचे काम सुरू झाले तेव्हा मी निवृत्त झालो होतो. सर्वेक्षक काही घरे टाळतात, हे लक्षात आल्यावर ती स्वतः दारोदार गेली. एक दिवस मीही बरोबर होतो. ऊन कडक होते. माझ्याकडे छत्री धरण्याचे काम होते. तुमची रीत मी त्या दिवशी पाहिली. पाणथळीला बाजारभाव नसतो, म्हणून काठावरच्या माणसाला विचारायचे की, ही टिकावी यासाठी तुम्ही दर वर्षी किती द्याल? एक बाई ओट्यावर शिंपल्या निवडत बसल्या होत्या. ताईने प्रश्न वाचला. बाईंनी हात थांबवले नाहीत.

"माझ्याच ओट्यावर बसून मलाच भाडं विचारतेस होय गं?"

"भाडं नाही हो. समजा, असं धरून चाला की..."

"कशाला समजू? हा छत्रीवाला कोण, तुझा नवरा?"

"हो."

"किती दिले तर सोडशील याला?"

ताई हसली. "माल बघता फारसं मागता यायचं नाही."

"बघ. चेष्टा केलीस. आकडा नाही सांगितलास."

ताईची लेखणी थांबली. मला बरे वाटले की वाईट, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. छत्री मात्र सरळ धरून ठेवली.

अशा उत्तराला तुमच्या व्यवसायात 'निषेधाचे उत्तर' म्हणतात, आणि सरासरी काढण्यापूर्वी ते बाजूला काढतात. ताईनेही वर्षानुवर्षे तसेच केले. ती रीतच होती. परंतु त्या वस्तीत घरोघर हेच उत्तर मिळाले. कोणी दार लावून घेतले, कोणी हसले, एकीने ताईलाच पाणी देऊन सांगितले, "ऊन लागलंय तुला, म्हणून असं विचारतेस." आकडा सांगितला तो बहुतेक रस्त्याकडेच्या दुकानदारांनी आणि नव्याने राहायला आलेल्यांनी. उरलेली उत्तरे वगळली, तर पाणथळ स्वस्त पडते आणि ती बुजवून करायचा बंदराचा विस्तार फायद्याचा ठरतो. म्हणून तिने सहावे प्रकरण लिहिले. त्यात ती सारी उत्तरे आहेत, ज्या त्या बाईच्या शब्दांत. आणि खाली ताईचे एक वाक्य आहे: बहुसंख्य माणसे जेव्हा प्रश्नच नाकारतात, तेव्हा चूक उत्तरात नसून प्रश्नात असते.

तुमचा वाद याच घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. तू म्हणालास, "अगं, एवढी उत्तरं धरली तर सर्वेक्षणच बाद होईल."

"होऊ दे."

"बंदर अडकेल."

"अडकवायचं की नाही, हे सांगायलाच नेमलंय ना मला?"

"जग असं चालत नाही, ताई."

"जग कसं चालतं ते मला नको शिकवूस, बारक्या. तुला चालायला मी शिकवलंय."

आपण तिघेही हसलो. त्यानंतर लवकरच संस्थेतली तिची जागा खिडकीपासून काढून झेरॉक्स मशीनच्या शेजारी देण्यात आली. तिने तक्रार केली नाही. "निदान इथे तरी जे लिहिलंय ते जसंच्या तसं निघतं," एवढेच म्हणाली.

अशा बाईच्या नावाने तुम्हाला ग्रंथालय हवे आहे. तिचे प्रकरण नको आहे. माझे उत्तर वर दिलेच आहे.


दि. ६ फेब्रुवारी

वरील पत्र पाकिटात घालून चिकटवले होते. आज पाकीट फोडले. तुझ्या पत्रातील एका वाक्याला मी उत्तर दिले नव्हते, आणि ज्या विधानाला उत्तर दिले जात नाही ते मान्य धरले जाते, हे मी आयुष्यभर इतरांना बजावत आलो.

ते वाक्य असे: 'ताईने स्वतः मला होकार दिला होता आणि त्या वेळी आपण तिथे उपस्थित होता.'

होतो. चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. इस्पितळातली दुपार होती. तिच्या उशाजवळची एकमेव खुर्ची तू घेतली होतीस. तू हलक्या आवाजात म्हणालास, "एवढं एकच प्रकरण, ताई. बाकी सगळं शब्दन्शब्द तुझंच राहील." तिने दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "कर बाबा तुला हवं तसं."

हे मी नाकारत नाही. खोटे लिहून तिची बाजू राखावी, अशी ती बाजू नाही.

मी तुला लिफ्टपर्यंत सोडले. तू माझा हात दाबलास. तुझे डोळे ओले होते, आणि ते ओलेपण खरे होते, हेही मी नाकारत नाही. परत आलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

"गेला का?"

"गेला."

"बरं झालं. 'नाही' म्हटलं असतं तर तास-दोन तास समजावत बसला असता. आणि तुम्ही तिथे दारातच. बसा आता इथे."

मी बसलो. मी जसा आहे तसाच वागलो, बारक्या. तशा वेळीही मी मसुदा तपासला. विचारले, "मग तो जो होकार दिलास, त्याचं काय समजायचं?"

ती म्हणाली, "तुम्ही आहात ना."

नंतर ती झोपली. दुसऱ्या दिवशी बोलण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. त्यापुढचे तुला ठाऊक आहे.

'तुम्ही आहात ना' याचा अर्थ 'हे प्रकरण तुम्ही सांभाळाल' असा होतो, की 'तुम्ही आता शेजारी बसला आहात, बाकीचे राहू द्या' असा? मी दोन्ही बाजूंनी विचार केला. कोणत्याही न्यायालयात मी पहिला अर्थ सिद्ध करू शकणार नाही, आणि एकटा असताना तर मला दुसराच अर्थ अधिक हवासा वाटतो. तेव्हा तिच्या शब्दांचा आधार मी घेत नाही. नकार माझा आहे. तो मी शुद्धीवर, धडधाकट प्रकृतीत आणि कोणाच्याही उठून जाण्याची वाट न पाहता देत आहे. तुझ्याकडे जो होकार आहे, तो एका दमलेल्या बहिणीने नवऱ्यासाठी खुर्ची मोकळी व्हावी म्हणून दिला होता. त्यावर बंदर बांधता येत असेल, तर बांधून दाखव.

ताईच्या करारातील तरतूदही सांगून ठेवतो: अंतिम मसुद्यास लेखकाची लेखी मान्यता लागते. ती नव्हती; आता मिळणारही नाही. सहावे प्रकरण वगळायचेच असेल, तर मुखपृष्ठावरून तिचे नावही वगळा. ग्रंथालयाला दुसरे कोणाचे नाव द्या. तुमच्याकडे माणसांची वाण नाही.

आणखी एक गोष्ट. ती तुला इतरांकडून कळू नये, म्हणून लिहितो. बंदराच्या विस्तारावर जी जाहीर सुनावणी आहे, तिथे बोलण्यासाठी मी काल नाव नोंदवले. खिडकीवरच्या बाईंनी विचारले, "काका, घर पाणथळीजवळ आहे का तुमचं?"

"नाही."

"मासेमारी? दुकान?"

"नाही."

"मग तुम्ही बाधित कसे? प्रकल्पाशी संबंध काय लिहू?"

"ज्यांनी पाणथळीचे मूल्यमापन केले, त्यांचा मी पती आहे."

"मग त्यांनाच पाठवा ना. तुम्ही कशाला उन्हातान्हाचे?"

"त्या येऊ शकत नाहीत," मी म्हणालो. "म्हणून मी आलो आहे."

बाईंनी वर पाहिले. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. "असा रकाना नाहीये हो," त्या जरा नरमाईने म्हणाल्या. मी म्हणालो, "आखा. पूर्वीही एकदा आखला गेला आहे." त्यांना ते कळण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी पट्टी घेतली, कडेला एक रेघ ओढली आणि लिहिले. "नवरा लिहिलंय. चालेल?"

चालेल, असे मी सांगितले.

सुनावणीच्या व्यासपीठावर संस्थेतर्फे तू बसणार आहेस, हे फलकावर वाचले. मी सहावे प्रकरण उभा राहून वाचणार आहे. मला जाहीर बोलण्याची सवय नाही. आवाज बसेल, चष्मा घसरेल, बायकांचे काही शब्द माझ्या तोंडी शोभणार नाहीत. तरी एकही उत्तर गाळणार नाही. वेळ संपल्याची घंटा वाजवलीस, तरी वाचीन. ध्वनिक्षेपक बंद केलास, तर मोठ्याने वाचीन. मला थांबवायचे झाले, तर सर्वांसमक्ष तुला म्हणावे लागेल, "भाऊजी, बसा." तेही म्हणून पाहा. मी बसणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ मागण्याची रीत आहे. या खेपेस मी तो मागत नाही. सहावे प्रकरण मागतो.

तुझ्या ताईचा
नवरा