उसना म्हातारा

४ ऑगस्ट १९७४, रविवार

रघुनाथला नाही म्हणालो! वीस वर्षांत पहिल्यांदा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात म्हातारा म्हटला की गुरुदत्त — बाप, सासरा, पेन्शनर, काय असेल ते. पांढरी मिशी लावूनच मी चाळिशी ओलांडली. रघुनाथ दिग्दर्शक, त्याचा चेहरा पाहवेना. "गुरुदत्तराव, दीड महिन्यावर गणपती आलेत. आता दुसरा म्हातारा कुठून आणू?" तब्येतीचं कारण सांगितलं. खरं कारण इथेच लिहितो.

मी म्हातारा मनाने रचत नाही. एक जिवंत माणूस धरतो, महिनाभर न्याहाळतो आणि त्याला उचलतो. आधी घेतलेल्यांचं पुढे काय झालं, कधी विचारलंच नाही. एकाहत्तरला आमचे ग्रंथपाल श्यामराव घेतले. पायरी चढण्याआधी भिंत चाचपायचे ते. पहिल्या रांगेत बसून खळखळून हसले. प्रयोगानंतर सतराव्या दिवशी गेले. वय झालं होतं, म्हटलं. बहात्तरला कस्टम्सच्या कामाने बजबजच्या धक्क्यावर जायचो, त्या गाडीतल्या एका ज्यूट मिलच्या बंगाली बाबूंची मान हलवायची ढब घेतली. त्यांनी नाटक पाहिलंही नाही. पुढे ते दिसेनात, म्हणून त्यांच्या सोबत्याला विचारलं. "उनि तो मारा गेछेन, दादा." वारले होते. कधी ते विचारून प्रयोगापासून दिवस मोजले. सतरा.

गेल्या साली घाबरून कोणाचंच घेतलं नाही. साफ पडलो. टाळ्या वाजल्या त्या ओळखीखातर.

७ ऑगस्ट

कालिंदीला सांगून टाकलं. कढईवरून मान वर न करता म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच! माणसं मरतात, त्यात तुमच्या नाटकाचं काय?" बरं वाटलं. बायको अशी असावी.

११ ऑगस्ट

रघुनाथला माणूस मिळाला. विनायक — बँकेत आहे, नागपूरहून बदलून आलाय, पस्तिशीचा. चहाला घरी आला. "काका, तुमची पद्धत सांगा ना." दोन तास बोललो! जिवंत माणूस धर, त्याला कळू देऊ नकोस, त्याचं नाव कोणाला सांगू नकोस — सगळं सांगितलं. ते एक सोडून. वेडा ठरलो असतो.

१६ ऑगस्ट

विनायक रोज संध्याकाळी येतो. बोलतो कमी, नुसता ऐकत बसतो. हल्ली इतकं ऐकून घेतं कोण!

२५ ऑगस्ट

तालीम पाहिली. बसण्याआधी खुर्चीची पाठ दोनदा थोपटतो. चष्मा काढतो, आणि बोलता बोलता हातातच विसरतो. मिशी नाही, रंग नाही — तरी साठीला टेकलेला माणूस समोर उभा! याला मी कुठेतरी पाहिलंय. खिदिरपूरच्या ऑफिसात? बसमध्ये? आठवेना. जो कोण असेल त्या बिचाऱ्याला सावध करायला हवं. विनायकला विचारलं तर हसला. "तुम्हीच म्हणालात ना काका, नाव सांगायचं नाही!"

१ सप्टेंबर

कालिंदीला तालमीला नेलं. तिला माणसं लगेच ओळखू येतात. विनायक स्टेजवर आला आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"अहो, हे तुम्ही."

मी? मी खुर्ची थोपटतो? सत्तावन्न वर्षं या देहात राहतोय, मला पत्ता नाही!

बालीगंजला घरी पोहोचेपर्यंत टॅक्सीत रडत होती. माणसं मरतात म्हणणारी हीच. "त्याला सांगा, हे बंद कर म्हणावं. उद्याच्या उद्या." सांगणार. मला भीती वाटते. मला मरायचं नाही.

४ सप्टेंबर

सांगितलं नाही. सोमवारी नाही, काल नाही, आज नाही. कालिंदी बोलत नाही. आज तालमीत रघुनाथ म्हणाला, "मंडळात असा म्हातारा आजवर झाला नाही." माझ्या तोंडावर! राग यायला हवा होता. मी दाराशी उभा राहून पुन्हा पुन्हा पाहत होतो. वीस वर्षं मी लोकांना न्याहाळलं. मला असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. कालिंदीनेसुद्धा नाही.

८ सप्टेंबर

तालमीनंतर विनायकला थांबवून घेतलं. कालिंदी बाहेर उभी होती, मी सांगतोय या भरवशावर.

म्हणालो, "एक चुकतंय. डावा खांदा. माझा उतरलेला असतो. चार दिवस आरशात पाहतोय."

त्याने करून दाखवला.

"अजून थोडा खाली," मी म्हणालो.