आवळासुपारीची डबी

आई, तू जाऊन सहा वर्षं झाली. परवा ताईकडे टेक्ससमध्ये अर्विंगला जायचंय, म्हणून बॅग भरायला घेतली आणि औषधांच्या कप्प्याशी हात थांबला.

तुझ्या हाडांतल्या कॅन्सरला इथल्या, ओहायोतल्या डब्लिनच्या डॉक्टरांनी गांजाच्या गोळ्या सुचवल्या, तेव्हा तू माझ्याकडे बघतच राहिलीस. "बैरागी ओढतात तोच ना रे?" मग त्या गोळ्यांच्या परवान्याचं ओहायो सरकारचं कार्ड आलं. त्यावरचा फोटो पासपोर्टपेक्षा बरा आलाय म्हणून तू खूश. त्या जेलीसारख्या गोळ्यांनी तुला कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली, आणि एका सकाळी बघतो तर तू ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटते आहेस.

ताईच्या बाळाच्या बारशाला तू एकटीच निघालीस. तिच्या सासरच्यांना कळू नये म्हणून गोळ्या आवळासुपारीच्या डबीत भरल्यास, वर मला डोळा मारलास. मला मात्र घाम फुटला. आपलं कार्ड टेक्ससमध्ये चालत नाही, विमानात तर नाहीच. निघायच्या सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी गोळ्या काढून डबीत खरीच आवळासुपारी भरली. तुला सांगितलं असतं तर डॉक्टरांकडून चार दिवसांपुरतं दुसरं काही मागता आलं असतं. पण तू वाद घालशील म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन. "अरे, डबीत सुपारीच आहे." मी तुला कायदा समजावत बसलो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि "बरं," एवढंच म्हणालीस. बारशाच्या फोटोत तू पाळण्याची दोरी धरून हसते आहेस, पण मूठ पांढरीफटक पडली आहे. तो फोटो मला बघवत नाही. ताईने विचारलं तेव्हा तू सांगितलंस, "मीच विसरले गं औषध घरी."

कायदा खरा होता, आई. पण पुढच्या आठवड्यात माझी सिटिझनशिपची मुलाखत होती. तुझ्या बॅगेत काही सापडलं, तर चौकशी माझ्यापर्यंत येईल, याची मला भीती वाटली. मी तुझ्यासाठी घाबरलो नव्हतो.

ताई अजून म्हणते, "शेवटी शेवटी आई फारच विसरायला लागली होती, नाही?" मी हो म्हणतो. परवाही म्हणेन. हे पत्र खरं तर तिला द्यायला हवं. तुला लिहितोय, कारण तू तेव्हाही कुणाला सांगितलं नाहीस.