दळणापुरती सायकल

१९ नोव्हेंबर २०१७, रविवार
मागे एका सकाळी अंगण सारवून झालं होतं, कोंबड्या सोडल्या होत्या आणि मी तांदूळ निवडत होते. सुनिलचा बाप सायकल पुसत होता. रोज पुसायचा, चहाच्या आधी. मी म्हणाले, एवढं बैलाला पुसलंस तर तो बिचारा जास्त नांगरेल. तो म्हणाला, बैल उतारावर पायडल न मारता जातो का? त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. तो यंदा शिमग्यात वारला, हे त्याच्या कितीतरी आधीचं. तरी तीच सकाळ आठवते.
आज सुनिलचा फोन. अच्छाडला हायवेच्या ढाब्यावर कामाला आहे, खोलीवरून चालत जातो. बाबाची सायकल नेतो म्हणाला. मी म्हणाले, रिम वाकडी आहे.
रिम सरळ आहे. का बोलले कोण जाणे.
ठरवलं: रोज पुसायची. बसायचं नाही.

२३ नोव्हेंबर
उभ्या सायकलचे टायर कुजतात. म्हणून हातात धरून पाड्याला चक्कर मारली. ही काही मजा नव्हे, राखण आहे.

३० नोव्हेंबर
भज्यांच्या कागदावर वाचलं: सायकलने गुडघे मोकळे होतात. पुढचं तेलात गेलं होतं, पण तेवढं पुरे. माझे गुडघे दुखत नाहीत, पण उद्या दुखतील.
कापलेल्या भातखाचरात दांडीखालून पाय घालून चालवली. पडले. आमचं लुगडं गुडघ्यापर्यंत, चेनमध्ये अडकायची भीती नाही. तरी अडकलं.
कोणी बघितलं नाही. फक्त शेजारची जिजा.

१४ डिसेंबर
आता सीटवर बसता येतं. पण कामापुरतीच वापरायची. नागलीचं दळण न्यायचं आणि परत यायचं.

१७ डिसेंबर
दळण. काल पण दळण.
गिरणीवाला बाळ्या म्हणाला, काकी, मूठमूठ काय आणतेस? दगडाला चव तरी कळते का? मी म्हणाले, ताजं पीठ पोटाला बरं. त्याला पटलं.
येताना उतार लागला. पायडल सोडले. हसू आलं. ओठ दाबले. माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि त्याच्याच सायकलवर दात काढतेय. घरी येऊन त्याच्या फोटोसमोर दिवा लावला. बरं वाटलं नाही.

२ जानेवारी २०१८
सुनिलने विचारलं, रिम झाली का? मी म्हणाले, रिम झाली, पण ब्रेक गेला. तो म्हणाला, बरं. तो बरं म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो. पोरगा पायी जातो आणि मी मूठभर नागली फिरवते.
ठरवलं: उद्या सायकल माळ्यावर.

३ जानेवारी
माळ्यावर उंदीर आहेत.

१५ जानेवारी
बाळ्याची गिरणी पीठ जाड काढते. पलीकडच्या गावची बारीक काढते म्हणतात. रस्ता जरा लांबचा आहे, झाडं चांगली आहेत. झाडांशी आपल्याला काय करायचंय म्हणा.
घरात पीठ ठेवायला डबा उरला नाही. थोडं जिजाला दिलं. ती म्हणाली, गेल्या आठवड्याचंच संपलं नाही गं बाई.

२१ जानेवारी
सुनिलचा फोन. मी म्हणाले, ब्रेक झाला, आता सीट फाटली. तो पुन्हा म्हणाला, बरं. मागे कोणीतरी हसत होतं. ढाब्यावर गिऱ्हाईक असतील.

३ फेब्रुवारी
समुद्रकाठच्या वरोरचे सुके बोंबील आपल्या बाजारापेक्षा चांगले असतात. घरात बोंबील नाहीत. उद्या पहाटे निघून दुपारच्या आत परत. हे शेवटचं. मग सायकल सुनिलला.

४ फेब्रुवारी, रविवार
वरोरला पोचले. मांड्या पेटल्या होत्या. वाळूवर बसून भाकरी खाल्ली. पाणी नुसतं बघत बसले. उठले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि लक्षात आलं, एवढ्या वेळात सुनिलचा बाप एकदाही आठवला नाही. एकदाही नाही. घाईघाईने आठवायला गेले तर आधी सायकल पुसणारा हातच दिसला, तोंड मागून आलं.
परतताना पंक्चर. एका मासळीच्या टेम्पोवाल्याला दया आली. मी मागे टोपल्यांत, सायकल माझ्या अंगावर. बोंबील घ्यायचे राहिलेच. वास मात्र पुरेपूर आला.
टेम्पो थेट दारात थांबला. ओट्यावर सुनिल. सुट्टी घेऊन आला होता, न सांगता. शेजारी जिजा.
जिजा म्हणाली, काय गं, गिरणी समुद्रात गेली काय?
सुनिलने सायकल उतरवून घेतली. रिम बघितली, ब्रेक दाबला, सीटवर हात फिरवला. मी म्हणाले, घेऊन जा, आजच घेऊन जा. तो म्हणाला, आई, मी नाताळातच एक जुनी सायकल घेतली.
मग दर वेळी विचारायचास कशाला?
म्हणाला, आता काय मोडलंय ते ऐकायला. ढाब्यावर सगळे वाट बघतात. हँडल कधी मोडतंय त्यावर पैज लागली आहे.
जिजा हसून ओट्यावर आडवी झाली. मला रडू आलं. सुनिल घाबरला. म्हणाला, अगं, चालव ना. मी म्हणाले, आज तुझा बाप आठवला नाही रे. त्याने पंक्चर काढलं, मग फडक्याने सायकल पुसली, बाप पुसायचा तशी, आधी दांडी, मग चाकं.

६ फेब्रुवारी
सुनिल परवा संध्याकाळीच परत गेला. काल सकाळी अंगण सारवलं, कोंबड्या सोडल्या. दळणाची पिशवी खुंटीलाच ठेवली. सायकल पुसली आणि उतारावर गेले.