हिरव्या डहाळीचा घास

शनिवार, ३० जानेवारी २०२१

शामला,

कशी आहेस? तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? तेल रोज लावतेस, की बाटली नुसती कपाटाला शोभा आणतेय? दादांचा खांदा थंडीत आखडला असेल. सरलावहिनींचा दमा कसा आहे? संध्याला तिच्या पायाच्या मापाचा बूट मिळाला का? एकेकाचं नाव घेऊन लिही. ‘सगळे बरे’ म्हणून मला वाटेला लावू नकोस.

आता इकडचं ऐक. गुंजनला करोना झालाय. घाबरू नकोस, सूनबाई खणखणीत आहे. पण युट्रेख्टच्या त्या काड्यापेटीएवढ्या घरात मला ठेवणं अभिरामच्या जिवावर आलं. त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीचे वडील, खेरिट नावाचे, यांचं स्वतःच्या मालकीचं जंगल आहे. हो, माणसाच्या नावावर जंगल, आपल्याकडे शेत असतं तसं! त्यातलं एक लाकडी खोपट त्यांनी माझ्यासाठी उघडून दिलं. निघताना संहिता काचेआडून डचमध्ये लांबलचक काहीतरी बोलली. मला त्यातलं ‘ओपा’ तेवढं कळलं, म्हणजे आजोबा.

विमानं बंद पडून इथे अडकलो, वर्ष होत आलं गं चार भिंतींत. आज झाडांचा वास छातीत भरून घेतला आणि वाटलं, मेळघाटात ड्यूटीवर परत आलो. म्हणून वहीही काढली. तेव्हा मी आठवड्यानं घरी यायचो आणि तू चुलीपाशी बसून सगळी वही वाचायचीस. आता पानाचा फोटो धाडत जाईन. सातवीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

मंगळवार, २ फेब्रुवारी

खेरिट पंचाहत्तरीचा, ताडासारखा उंच. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, पण पायाचे ठसे आणि लेंड्या दोघांनाही वाचता येतात, त्यामुळे गप्पा अडत नाहीत. बायको गेल्या मार्चमध्ये करोनानं गेली. हरणं मोजायचं काम तिचं होतं. आता जोडीला कुणी नाही.

इथलं हरीण आपल्या भेकराएवढं. त्याला ‘रे’ म्हणतात. खेरिट ओरडला की वाटतं मलाच हाक मारतोय. इथे वाघ नाही, म्हणून माणसानं ती कमी करायची. सरकार आकडा देतं. यंदा पाच माद्या, त्याही पंधरा मार्चपर्यंत. पुढे त्यांच्या पोटात पाडसं वाढतात म्हणून बंदी. दोन झाल्या, तीन उरल्यात. मी म्हणालो, बाबा रे, हरणावर बंदूक उचलणाऱ्यांना पकडण्यात माझी छत्तीस वर्षं गेली. त्यानं ओकची रोपं दाखवली. सगळ्यांचे शेंडे गुडघ्याच्या उंचीवर खुडलेले. मोजून देईन म्हणालो, बंदुकीला हात लावणार नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी

पांढरं शुभ्र बर्फ पडलंय. पहाटे मचाणावर बसलो. सहा माद्या. आकड्यांनी माझ्या ध्यानात राहीनात, म्हणून नावं दिली. एकीचा डावा कान फाटलेला, वहिनींचा कान बुगडीनं फाटला होता ना, अगदी तसा. ती सरला. दुसरी मागचा पाय ओढते. ती संध्या. आणि तिसरी बसताना उजवा गुडघा जपून दुमडते आणि मग माझ्याकडे असं बघते, जणू बाजारातून कोथिंबीर आणायची मी विसरलोय. तिचं नाव काय ठेवलं असेल?

चुलीशेजारी दगडी पाटी टांगलेली आहे, तिच्यावर सगळ्यांची नावं लिहिली. आधी कमजोर टिपायच्या असतात, त्या कोणत्या, असं खेरिटनं विचारलं. नजर पक्की आहे हे दाखवायची मला भारी हौस. त्या तिघींपुढे फुल्या मारल्या.

(संध्याकाळी) तुझा आवाजातला निरोप तीनदा ऐकला. ‘हरीण केलंत ते केलंत, पण लंगडं कशाला केलंत हो?’ मागे वहिनींचं खोकत खोकत हसणंही ऐकू आलं.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज फाटक्या कानाची गेली. एकाच गोळीत. खेरिटनं टोपी काढली, पाइनची हिरवी डहाळी मोडली आणि तिच्या तोंडात ठेवली. हा शेवटचा घास म्हणे, इथली रीत. आपण तुळशीपत्र ठेवतो तसंच. मला भरून आलं. तिकडचे आणि इकडचे, मरणाच्या दारात सगळे सारखेच वागतात.

रविवार, १४ फेब्रुवारी

दादांचा फोन आला. वहिनी परवा गेल्या, शुक्रवारी. दवाखान्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं, नगरपालिकेच्या माणसांनी परस्पर नेलं. दादा फाटकाबाहेर उभे होते. तोंडात तुळशीचं पान घालायचं राहिलं, हे एकच वाक्य ते परत परत बोलत होते.

माझ्या लग्नात मला पहिला घास वहिनींनी भरवला होता.

डोळ्यांसमोरून ती डहाळी जात नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

पाच माद्या दिसायला हव्यात. सहा दिसल्या. परत मोजल्या, सहाच. सहावी झाडांच्या कडेला उभी होती. डावा कान फाटलेला.

शेजारच्या जंगलातून आली असेल. फाटके कान काय कमी असतात? पण तिच्या तोंडात हिरवं काहीतरी होतं. हरणाचं तोंड सारखं चालू असतं, शामला. हिचं हलत नव्हतं.

पाटी पुसावी असं मनात आलं. मग लाज वाटली. खेरिट काय म्हणेल, एवढा जंगलातला माणूस आणि खडूच्या अक्षरांना भ्याला? राहू दिली.

बुधवार, २४ फेब्रुवारी

लंगडी गेली. खेरिट उजाडताच एकटा गेला होता, मला उशिरा कळलं. त्याची पाठ धरली आहे, वाकता येईना. म्हणून डहाळी मीच ठेवली. तोंड अजून ऊन होतं.

मी संध्याला दोनदा फोन केला. लागला नाही. अमरावतीत परत लॉकडाउन आहे म्हणे.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

संध्या गेली. बुधवारी. खाट मिळाली नाही, पहाटेपासून रिक्षातून हिंडत होते.

नवा बूट आला होता, दादा म्हणाले. खोक्यातच राहिला.

धाकटी बहीण माझी, लहानपणी ओढा ओलांडताना मी तिला पाठुंगळी घ्यायचो. काय केलं मी हे? पाटी पुसायला हवी होती. लाज वाटली मला. लाज!

सोमवार, १ मार्च

तू लिहिलंस, बारीक ताप आहे, काळजी करू नका.

ओल्या फडक्यानं तुझं नाव पुसलं. वाळल्यावर परत उमटलं. जुन्या पाटीवर उमटतंच, हे मला कळतं. तरी पाच वेळा पुसलं. फुलीसकट उमटतंय.

शनिवार, ६ मार्च

खेरिटच्या घरी जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. चुलीत लाकूड सारलं. मग सांगितलं, त्याची बायकोही नावं द्यायची. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या मादीला तिनं थट्टेनं स्वतःचं नाव दिलं होतं. ती मादी त्यानंच टिपली. हे त्यानं आजवर मुलीलाही सांगितलेलं नाही.

तुझ्या मादीवर गोळी झाडणार नाही, असं वचन त्यानं दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुझा ताप उतरला का? लिही.

मंगळवार, ९ मार्च

गोळी नाही, तरी — आज तिघी दिसल्या. तुझी मधे. अलीकडे वहिनी, पलीकडे संध्या. दोघींच्या तोंडात डहाळ्या. तुझ्या मादीला हळूहळू झाडांकडे नेत होत्या. ती मागे बघत होती.

अभिराम म्हणतो, तुला दवाखान्यात हलवलं. ऑक्सिजन लावलाय. मी पाठवलेल्या पानांखाली एकच करडी खूण येते. दुसरी येत नाही.

गुरुवार, ११ मार्च

खोपटाच्या उंबऱ्यावर पाइनची डहाळी. ताजी मोडलेली, चीक ओला. खेरिट पाठ धरल्यापासून घराबाहेर पडलेला नाही.

तिसरी आहे ती. तुझ्यासाठीची.

मी ती चुलीत घातली. दुपारी परत होती.

रविवार, १४ मार्च

उद्या शेवटचा दिवस. पुढे माद्यांना बंदी. पण त्या दोघी बंदी पाळतील का?

खूप विचार केला. एवढं कळलं, डहाळीला तोंड हवं असतं. नाव पुसून भागत नाही. त्या जागी दुसरं हवं.

तुझ्या नावावर माझं लिहिलं. दिलीप. खडू मोडेपर्यंत गिरवलं. फुली तशीच ठेवली. वाळल्यावर बघितलं — तुझं नाव वर आलं नाही. माझंच आहे.

रागावू नकोस. फुली मीच मारली होती ना.

सोमवार, १५ मार्च, सकाळ

चहाला वास नाही. दूध करपलं, कळलंच नाही. जंगलालाही वास नाही, शामला. पाइनचं पान चुरगळून नाकाशी धरलं — काही नाही. अंग तापलंय.

अभिरामचा फोन आला. तू उठून बसलीस! ऑक्सिजन कमी केला. चहा मागितलास. तो रडत होता. त्याला माझ्या तापाचं बोललो नाही. इकडे येऊ नको म्हणालो, संहिताला जप म्हणालो.

संध्याकाळ

तुझी दिसली. दुर्बिणीतून नीट बघितली. एकटी. तोंड रिकामं. गवत खात होती, भराभरा. मग चर ओलांडून उडी मारून गेली — गुडघा दुखत नाही तिचा आता.

खूप बरं वाटलं.

दोघी इकडे आल्यात. पायरीपाशी. वहिनींचा कान — अगदी जवळून दिसतोय. भीती वाटत नाही असं नाही. वाटते. धाप लागतेय. उंबऱ्यावर डहाळी आहे, मी उचललेली नाही अजून —

दुसरी खूण आली! पानं पोचली तुझ्याकडे. वाचतेयस ना? चुलीपाशी बसून वाचायचीस तशी वाच. दोन ओळी लिही. एक लिही. लवकर लिही शामला, मी दारातच — दार मी लावलं होतं ना —