काट्याएवढं छिद्र

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७१, काटोल

आजही झाडांखाली संत्र्यांचा सडा. प्रत्येकावर एकच छिद्र, बाभळीच्या काट्याएवढं. मामंजी असंच करायचे. फळ पिकलं का ते बघायला काटा टोचायचे आणि वर आलेला रस जिभेला लावायचे. ते जाऊन दोन महिने होत आले.

सासूबाई म्हणतात, "तेच फिरून राहिले वं बागेत. जीव अडकला त्याईचा."

मी सांगितलं, रस शोषणारा पतंग आहे तो. त्याच्या अळ्या आपल्याच कडुनिंबावरच्या गुळवेलीची पानं खातात, वेल काढून टाकू. पण वेल मामंजींनी लावलेली, तापाच्या काढ्यासाठी. सासूबाई हात लावू देईनात. सकाळी एक अळी काडीनं हलवून बघितली. काळी, मखमली. तिनं मान दुमडली आणि अंगावरचे दोन गोल डोळे माझ्याकडे वळले. डोळे नव्हेतच, नुसते ठिपके. माहीत आहे मला.

दुपारी ह्यांनी वेल तोडलीच. दिवेलागणीला आम्ही दोघी कंदील घेऊन बागेत गेलो, तर एका संत्र्याला चिकटून दोन लाल ठिणग्या. हलेचनात. सासूबाई हळूच म्हणाल्या, "वेल काहून तोडली म्हणून पाहून राहिले."

पतंगाचे डोळे उजेडात चमकतात, एवढं मला कळतं. मग माझा हात वर का गेला? मामंजी समोर आले की घ्यायचे, तसा डोक्यावर पदर घेऊन उभी होते मी.