तुमच्या शाळेची मागची भिंत

दादा, तुमची एका खोलीची शाळा पाडायची आहे, आणि ती पाडायला मंजुरी मिळावी म्हणून वर्षभर चपला झिजवणारी बाई मीच आहे. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुम्ही असतात तर माझ्याशी बोलणं टाकलं असतंत. खरं सांगते, मला त्याचं फारसं वाईट वाटलं नसतं. बोलणं टाकायची तुमची सवय जुनी आहे आणि मी त्यात तयार झालेली आहे.

गेल्या आषाढात मागच्या भिंतीचा गिलावा सुटून खाली आला. नुसता गिलावा नाही, त्याच्या पोटातले दगडही आले. तिथं चौथीचा वर्ग बसायचा, आणि चौथीत तुमची नात, माझी पोरगी, होती. पडलेलं खोडरबर उचलायला ती वाकली म्हणून डोकं वाचलं आणि खांद्याचं हाड मोडलं. तुम्ही मला गावातच दिलंत म्हणून निदान हाकेसरशी पोचले. तिच्या बापानं दवाखान्यात न्यायला टेम्पो काढला. वेल्ह्याकडून नसरापूरपर्यंतचा रस्ता पावसानं पार उखडला होता. प्रत्येक खड्ड्याला पोरगी कळवळायची आणि मी तिला छातीशी धरून तुम्हाला शिव्या देत होते. हे म्हणाले, "अगं, मेल्या माणसाला कशापाई बोलतीस?" मी म्हटलं, "त्यांनीच झाकलीय ती भिंत. मी बघितलंय." ते पुढच्या खड्ड्याकडं बघत राहिले.

मी बघितलं होतंच. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आपल्या घरी सणापेक्षा जास्त गडबड असायची. मला तो एक दिवस नीट आठवतो. मी चौथीत आहे. आई पहाटेपासून वाटणाच्या पाट्यावर वाकलेली, कारण साहेबांना गावरान कोंबडा लागतो. तुम्ही शाळेत भिंतीला पडलेल्या भेगांत चिंध्या कोंबताय, त्यावर माती, त्यावर भोरहून आणलेल्या चुन्याचा हात. चुना वेळेत वाळावा म्हणून आम्ही पोरं पुठ्ठे घेऊन भिंतीला वारा घालतोय. तुम्ही मधूनच ओरडताय, "जोरानं हालवा, हात मोडलेत का?" मग जीप येते. लेझीम होतं, नारळ होतो, साहेब वर्गात येतात आणि सहज विचारतात, "काय गं बाळ, पावसात गळतं का इथं?" साहेबांनी विचारलं तर खरं बोलायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. मी उभी राहून म्हणते, "व्हय सायेब, लई गळतं. आन् मागची भित हालती. आमी तिला टेकत न्हाई." साहेब तुमच्याकडं बघतात आणि तुम्ही हसून म्हणता, "पोरगी माझीच आहे साहेब, गोष्टी रचण्यात पटाईत." सगळे हसतात. साहेबही हसतात आणि आपल्या घरी जेवायला चालू लागतात.

संध्याकाळी तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी विसरून गेले असते. तुम्ही मला चुलीजवळ बसवलंत आणि शांतपणे म्हणालात, "झाकली मूठ सव्वा लाखाची असती. तू आज गावाची मूठ उघडलीस." पुढं कितीतरी दिवस तुम्ही मला हाक मारली नाही. वर्गात माझ्यावरून नजर पुढं न्यायचात. आईनं एकदाच तोंड उघडलं, "पोरीनं खोटं काय सांगितलं?" तुम्ही ताटावरून उठलात. त्या वर्षी तुम्हाला आदर्श शिक्षकाचा मान मिळाला. ती शाल आईनं कधी पांघरली नाही, धान्याच्या कणगीवर टाकून ठेवली.

तुमचा अभिमान मला कळत नाही असं नाही. सरकारपुढं हात पसरायचा नाही, आपली शाळा आपण उभी करायची, दर उन्हाळ्यात गावानं श्रमदान करायचं. ऐकायला किती चांगलं वाटतं. खिंडीपलीकडच्या गावातले मास्तर दर महिन्याला तालुक्याला जाऊन रडगाणं गायचे म्हणून तुम्ही त्यांना रडके मास्तर म्हणायचात, आणि सगळं गाव तुमच्याबरोबर हसायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे त्या माणसाला ठाऊक होतं. त्यांच्या शाळेवर पक्का स्लॅब चढला, आवाराला भिंत झाली, पोरांसाठी दुसरा दरवाजा निघाला. आपल्याला काय मिळालं? शाल. सरकारलाही तुमच्यासारखी माणसं हवीच असतात. ज्याच्या पदरात काही टाकावं लागत नाही त्याच्या गळ्यात हार घालणं स्वस्त पडतं. मी पहिल्यांदा तालुक्याच्या ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या क्लार्कनं खुर्ची दिली, चहा विचारला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या शाळेची मागणीच कधी आली न्हाई. जिल्ह्याचा आराखडा मागणीवरनं होतो. आन् दर पाहणीत तुमची इमारत उत्तम." मी म्हटलं, ती उत्तम कशी व्हायची ते मला माहीत आहे, वारा घालायला मीच होते. त्याला काही कळलं नाही. त्याचा काय दोष, त्यानं तुम्हाला पुठ्ठे वाटताना कुठं बघितलंय.

आणि तुम्ही गेलात तरी तुमची रीत गेलेली नाही, हे जास्त चीड आणणारं आहे. पोरीचा खांदा प्लास्टरमध्ये असताना रविवारी सकाळी गावातली माणसं घमेली, फावडी घेऊन शाळेत हजर. जुने जाणते म्हणाले, "एका दिवसात भित उभी करू. मास्तरांच्या येळंला किती येळा केली." हल्लीच्या मुख्याध्यापिका भोरच्या आहेत, मनानं चांगल्या आहेत. त्यांना सुंदर शाळेच्या स्पर्धेत उतरायचं होतं. त्या भिंतीवर आगगाडी रंगवायची म्हणाल्या, खिडक्या असलेली, म्हणजे मुलांना गंमत वाटेल. मी पडलेल्या दगडांवर जाऊन बसले. म्हटलं, "साहेबानं डोळ्यांनी बघितल्याबिगर हितं मातीचा एक गोळा लागणार न्हाई." भिंत पुन्हा लिंपली की शाळा पुन्हा उत्तम, हे मी त्यांना किती परीनं सांगितलं. सरकारी अभियंत्यानं धोकादायक लिहिलं तरच शाळा पाडता येते, पाडली तरच नवीन खोलीला पैसा येतो. एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "तुज्या बापानं घाम गाळून उभी केली आन् तू पाडाया निघालीस?" मी म्हटलं, "व्हय. त्यांनी तवाच तोंड उघडलं आसतं तर मला दगडावर बसाया लागलं नसतं." तो थुंकला आणि गेला. पोरं तेव्हापासून देवळाच्या सभामंडपात बसतात, पावसाचे शिंतोडे वह्यांवर येतात, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. गिरणीवर दळण घेऊन गेले की बायका बोलायच्या थांबतात.

परवा अभियंता आला, माझ्या कितीतरी फेऱ्यांनंतर. तरुण आहे, बुटांना चिखल लागला तरी खाली बघत नव्हता. मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं की झाडायचं नाही, रांगोळी नाही, कोंबडा तर नाहीच. त्यानं फोटो काढले, भिंतीत लोखंडी सळी घातली तर ती हातभर आत गेली. म्हणाला, "ही खोली वापरायची नाही. पाडायचं लिहून देतो, पुढच्या आराखड्यात नवीन खोली धरायला सांगतो." सांगितलं म्हणजे मिळालं असं नाही, हे मलाही कळतं. मी अजून जाणार आहे, रडणार आहे, रडकी म्हणवून घेणार आहे. पण पोरांना परत त्या भिंतीखाली कुणी बसवणार नाही, एवढं झालं. नव्या खोलीला तुमचं नाव द्यायचं काहीजण आत्तापासून बोलतात. मी नाही म्हणणार आहे, आणि ते तुमच्या तोंडावर सांगायला मिळत नाही याचा मला राग आहे.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. यांनाही नाही आणि पोरीलाही नाही. कारण एक गोष्ट गावाला कळता कामा नये, ती फक्त तुम्हाला सांगते. तो अभियंता वर्गाच्या दारात आला तेव्हा मी आत उभी होते. त्यासाठीच वर्षभर झिजले होते, आता फक्त बोट दाखवायचं होतं. त्यानं आत पाऊल टाकलं, आणि परक्या माणसानं आपलं हे बघावं याची मला अशी लाज वाटली की मी मागं सरत गेले आणि भिंतीला पाठ लावून पदर पसरून उभी राहिले. त्यानं फोटो काढायला मोबाइल वर धरला. मग म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? मागचं दिसत नाहीये." दादा, मला बाजूला व्हायला वेळ लागला.